छोट्या चित्रवहीनं अडलेला हात सुटतो, की आपण मोठ्या कागदापासून पळतो?

ओलाकागद
जलरंगवाल्यांना (आणि इतरही रंगवाल्यांना) एक प्रश्न.

"हात अडला की छोट्या वहीत रोज काहीतरी रंगव" हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय की शेवटी मी तो ऐकला. खिशात मावणारी ए६ची वही, १२ हाफ पॅनची (छोट्या रंगवड्यांची) डबी आणि एक पाणी भरायचा ब्रश. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, बँकेत टोकन घेऊन बसल्यावर, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, असं करत वही भरत आली. त्यातली निम्मी पानं मलाच आवडतात, आणि हे मी माझ्या कामाबद्दल सहसा म्हणत नाही.

अडचण पुढची आहे. दिवाळीपासून बोर्डावर हाफ शीट (जलरंगाच्या मोठ्या कागदाचा अर्धा भाग) ताणून चिकटवलाय, तो अजून कोरा आहे. मित्रमैत्रिणींचं गटप्रदर्शन ठरलंय, त्यात मोठी चित्रं द्यायची आहेत. वहीत जे सहज होतं ते बोर्डासमोर उभं राहिलं की होत नाही. वहीतलंच एक पान (वाईजवळच्या मेणवलीचा नदीघाट, संध्याकाळ) दुसऱ्या एका हाफ शीटवर मोठं करून पाहिलं. ते चित्र झालंच नाही, त्या पानाचं पोस्टर झालं.

तर, छोट्या वहीनं तुमचा अडथळा खरंच गेला का? की वही हीच लपायची जागा होऊन बसते? ज्यांचा गेला त्यांनी पुढे काय केलं तेही सांगा. "मनापासून कर, होईल" असे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरी मिळतात.

चहाबाज
मनापासून करा, होईल.

(पळतो.)

निळीशाई
वहीचा उपयोग होतो, माझा झालाय. पण "रोजचा सराव" वगैरे जे कारण सांगतात ते मला पटत नाही. ए६च्या पानावर ६ नंबरचा ब्रश घेऊन बसलं की झाडाचं पान न् पान काढताच येत नाही. आकाश, झाडांचा एक गठ्ठा, जमीन, एखादी गडद जागा, संपलं. वॉश (पातळ रंगाचा सलग थर) काही मिनिटांत वाळतो, वाळला की करण्यासारखं फार उरत नाही. म्हणजे काय गाळायचं ते पानाच्या मापामुळेच ठरून जातं. हाफ शीटवर सगळ्याला जागा असते, म्हणून सगळं येऊन बसतं. घाटाच्या पायऱ्या, पायऱ्यांवरची माणसं, माणसांच्या पिशव्या.

तुमच्या पोस्टरमध्ये पायऱ्या किती काढल्यात ते खरं सांगा.

ओलाकागद
@निळीशाई, सगळ्या. 🙁

गणिती_गोंधळ
जरा हिशेब मांडतो. ए६ म्हणजे १०५ × १४८ मिमी. हाफ शीट १५ × २२ इंच, म्हणजे साधारण ३८ × ५६ सेमी. क्षेत्रफळ जवळजवळ १४ पट. लांबी-रुंदी मात्र साडेतीन ते पावणेचार पट. म्हणजे वहीत १ सेमी रुंदीच्या फ्लॅटनं (चपट्या ब्रशनं) जो फटकारा मारलात, तोच हाफ शीटवर मारायला जवळपास ४ सेमीचा ब्रश लागेल. तुम्ही कुठला वापरलात?

शिवाय ए६चं प्रमाण १:१.४१ आणि हाफ शीटचं १:१.४७. रचना जशीच्या तशी बसत नाही, एका बाजूला थोडी ओढावी लागते. क्षितिज खालच्या तिसऱ्या भागात असेल तर हे डोळ्याला खटकतं.

चहाबाज
गणिती, तुम्ही चित्र काढता की चित्राचं एस्टिमेट?

गणिती_गोंधळ
मी सिव्हिलचा आहे. दोन्ही.

डांबरट
मला हे "क्रिएटिव्ह ब्लॉक" प्रकरणच चोचल्यांचं वाटतं. रोज वीस पोळ्या लाटणाऱ्या बाईला ब्लॉक येतो का? प्लंबरला येतो का? पैसे मिळणार असते आणि उद्या काम द्यायचं असतं तर ब्लॉक-बिक काही आठवलं नसतं. चित्रं सुचत नसतील तर काढू नका. जगात चित्रं कमी पडलेली नाहीत.

सुगरणीचाखोपा
@डांबरट, पोळ्या लाटणाऱ्या बाईला ब्लॉक येतो. तेव्हा ती खिचडी टाकते. छोटी वही म्हणजे तीच खिचडी. तुम्ही ताटावर बसून जेवता म्हणून कळलं नसेल.

रानवारा
खिचडी +१
हा प्रतिसाद फ्रेम करून ओट्यावर लावणार.

पेंटरचापोर
डांबरट यांचं अर्धं बरोबर आहे. माझे वडील साइनबोर्ड पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीत भिंती, गणपतीत मंडळाचे पडदे. गुरुवारी पाटी द्यायची म्हणजे गुरुवारी द्यायची. पुढे फ्लेक्स आला आणि धंदा बसला, तो भाग वेगळा.

पण हेच वडील मंडळाचा पडदा करायच्या आधी शाळेच्या वहीच्या पाठीमागे छोटं चित्र करायचे. त्यावर पेन्सिलनं चौकटी पाडायच्या, पडद्यावर सुतळीनं त्याच चौकटी मोठ्या करून पाडायच्या आणि चौकट पाहून चौकट भरायची. ते याला ग्राफ टाकणं म्हणायचे. १२ फुटी कोऱ्या कापडासमोर ते कधी थबकल्याचं मी पाहिलं नाही, कारण त्यांच्यासमोर १२ फूट नसायचेच. एका वेळी एक चौकट.

धागाकर्तीनं ग्राफ टाकून पाहावं.

ओलाकागद
@पेंटरचापोर, वडिलांबद्दल वाचून छान वाटलं, अजून लिहा ना, वेगळा धागा होईल. पण जलरंगात ग्राफ टाकला की माझा रंग त्या रेषांत अडकतो. ऑइल पेंटनं चौकट भरता येते. वॉश मात्र पूर्ण आकाशभर एका दमात फिरवावा लागतो, मध्ये थांबलं की कडा वाळते आणि डाग पडतो.

@गणिती, ब्रश १२ नंबरचा राउंड (गोल) होता. तुमच्या हिशेबानं नापास.

मास्तर_निवृत्त
मी सातारा जिल्ह्यात चित्रकला शिक्षक होतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवायचो. स्मरणचित्राच्या पेपरला वर्गातली हातात कला असलेली मुलंसुद्धा पेन्सिल चावत बसायची. विषय अगदी साधे असायचे, आठवडी बाजार, बसस्थानक, पाणवठा. पण कोरा कागद समोर आला की बाजारातलं एक माणूस आठवेना.

मी त्यांना एक सवय लावली होती. रफ कागदावर काडेपेटीएवढ्या पाच-सहा चौकटी आखायच्या. प्रत्येकीत माणसांचे गठ्ठे वेगळ्या जागी. चेहरे नाहीत, कपडे नाहीत, फक्त काळं कुठे आणि पांढरं कुठे. एका चौकटीला अर्धं मिनिट. मग त्यातली एक निवडायची आणि मोठ्या कागदाला हात लावायचा.

आता ताईंच्या प्रश्नाबद्दल. त्या काडेपेटीएवढ्या चौकटी मी मुलांना सुंदर करू द्यायचो नाही. कोणी छटा घोटायला लागला की मी कागद ओढून घ्यायचो. कारण ती चौकट देखणी झाली की मुलाचं चित्र तिथेच होऊन जायचं आणि मोठ्या कागदावर तो फक्त नक्कल करायचा. तुमचा मेणवलीचा घाट वहीतच पूर्ण झालेला आहे. झालेलं चित्र तुम्ही पुन्हा करायला गेलात, म्हणून ते पोस्टर झालं. वहीत घाट अर्धवट सोडला असता तर मोठ्या कागदासाठी काही शिल्लक राहिलं असतं.

निळीशाई
मास्तर, दंडवत. पण इथे थोडं भांडते. परीक्षेला बसलेल्या मुलाचा हात अडलेला नसतो, विषय अडलेला असतो. त्याला रचना हवी असते, ती तुमच्या चौकटीत मिळते. ज्याचे महिनोन्महिने कोरे गेलेत त्याला काहीतरी पूर्ण झाल्याचा आनंदच आधी लागतो. मी दोन वर्षं काही केलं नव्हतं तेव्हा मला कोणी "अर्धवट सोड" म्हणालं असतं तर मी वहीसुद्धा उघडली नसती. अर्धवट तर सगळंच होतं.

मास्तर_निवृत्त
@निळीशाई, हे मान्य. मग दोन वह्या ठेवाव्यात. एक पोटभरीची, एक उपाशी.

वाळवंटी_उंट
वाचनखूण साठवली.

सिएटलकर
इथे सिएटलमध्ये अर्बन स्केचर्स या चित्रगटाचे भरपूर लोक आहेत, ते मुळात इथलंच. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या इथल्या वृत्तपत्रातल्या चित्रकारानं २००७मध्ये फ्लिकरवर एक गट सुरू केला, त्याचं पुढे हे सगळं झालं. आता मुंबई-पुण्यातही गट आहेत. नियम एकच महत्त्वाचा, जे काढाल ते जागेवर बसून, समोर बघून.

माझा अडथळा वहीनं नाही, या गटानं घालवला. एकटा असलो की मी ब्रश धुण्यात तास घालवतो. शेजारी दहा जण मान खाली घालून काढत असले की आपोआप सुरू होतं.

लाजाळू
@सिएटलकर, आणि शेवटी सगळ्यांच्या वह्या जमिनीवर ओळीनं मांडून फोटो काढतात ते? मी एकदा गेले होते बाणगंगेला. दोन तास छान गेले, मग वह्या मांडायची वेळ आली आणि मी "लोकल पकडायची आहे" सांगून निघाले. लोकल दर पाच मिनिटांनी असते हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

सिएटलकर
😄 आमच्याकडे तसे लोक "पार्किंग संपतंय" म्हणतात.

रीलवाली
मी उलटं सांगते. माझी वही मस्त चालली होती, मग तिची पानं उलटतानाचे व्हिडिओ टाकायला लागले. लोकांना आवडले. त्यानंतर वहीत एकही पान खराब होऊ देण्याची सोय राहिली नाही, कारण व्हिडिओत ते मध्येच येणार! मोठ्या कागदाची जी भीती होती ती सरळ तळहाताएवढ्या वहीत येऊन बसली. ऑक्टोबरमध्ये इंकटोबर करायला घेतलं (जेक पार्करनं २००९मध्ये सुरू केलेलं, रोज एक शाईचं चित्र), ते दसऱ्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

आता एक वही कॅमेऱ्यासमोरची, एक कोणालाच न दाखवायची. दुसऱ्या वहीतली चित्रं जास्त बरी असतात आणि ती तुम्हाला दिसणार नाहीत, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवा.

कोकणातला_ओलावा
अवांतर: तुम्ही सगळे कोरड्या गावचे आहात. जुलैमध्ये रत्नागिरीला या. वॉश काही मिनिटांत वाळतो म्हणे! आमच्याकडे सकाळी मारलेला वॉश दुपारच्या जेवणाला ओला असतो. डबीतल्या पॅनवर पांढरी बुरशी येते. कागदाचं साइझिंग (कागदानं पाणी लगेच पिऊ नये म्हणून केलेला लेप) दमटपणानं मरतं, मग रंग टाकला की मध्येच ठिपके ठिपके उमटतात. पावसाळ्यात माझा हात अडत नाही, कागद अडतो.

उपाय: कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचा, डबी उघडी ठेवून वाळवल्याशिवाय बंद करायची नाही आणि स्वतः ट्यूबमधून पॅन भरत असाल तर लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब. वास दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा येतो, पण बुरशी येत नाही.

काटकसरी
कागदाचा विषय निघालाच आहे म्हणून. हात अडण्याचं मोठं कारण कागदाची किंमत आहे हे कोणी बोलतच नाही. शंभर टक्के कॉटनचा, जाड (३०० जीएसएमचा), बाहेरचा कागद घेतला की पहिला फटकारा मारतानाच बिल आठवतं.

मी फुल शीट (२२ × ३० इंच) घेऊन त्याचे चार आडवे, चार उभे असे भाग करते. १६ तुकडे, प्रत्येक साडेपाच बाय साडेसात इंच. कागद उत्तम आणि तुकडा वाया गेला तर सोळावा हिस्साच गेला. बाजारातली बांधलेली वही घेण्यापेक्षा हे कधीही परवडतं.

निळीशाई
सुट्या तुकड्यांचा तोटा असा की वाईट झालं की फाडता येतं. बांधलेल्या वहीत ते तिथेच राहतं आणि पुढचं पान काढावं लागतं.

काटकसरी
फाडायचं कशाला? पाठीमागे काढायचं.

बिनपाण्याचा
स्वस्त वही घ्या, शाळेची चित्रकलेची वही घ्या, भीती जाते. मी तेच करतो.

काटकसरी
पातळ कागदावर पाणी टाकलं की तो पापडासारखा फुगतो, खरडला जातो, आणि नवखा माणूस समजतो आपल्यालाच येत नाही. स्वस्त कागदावर पेन्सिल, शाई, पोस्टर कलर. जलरंगाला बरा कागद हवाच. पुण्यात शिवाजीनगरला १९४०पासूनची हातकागद संस्था आहे, ज्यांना जमेल त्यांनी तिथे जाऊन कागद हातात घेऊन बघावा. हातकागद कुठूनही घ्या, तो जलरंगाचा आहे का हे विचारा. साइझिंग कमी असेल तर तो पाणी पितो आणि वॉश पुढे सरकत नाही.

वाळवंटी_उंट
कागदाचा वेगळा धागा काढा ना कोणीतरी. ताईंचा घाट राहिला बाजूला.

उभाआडवा
चित्रकार बरवे कोणालाच कसे आठवले नाहीत? २०१९मध्ये मुंबईच्या एनजीएमएमध्ये (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) प्रभाकर बरवे यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. तिथे मोठ्या कॅनव्हासांइतकाच वेळ मी त्यांच्या डायऱ्यांपाशी घालवला. छोटी छोटी रेखाटनं आणि शेजारी मराठीत टिपणं. पान, घड्याळ, सफरचंद, रिकामी जागा, हे सगळं वहीच्या पानावर हलवून हलवून बघितलेलं.

मास्तर म्हणतात ते तिथे दिसतं. बरव्यांची डायरी बघताना "हे सुंदर पान आहे" असं मनात येत नाही, माणूस विचार करतोय असं वाटतं. आणि कॅनव्हासवर एनॅमलचा तो सपाट, शांत रंग. दोन्ही एकाच माणसाची, पण एक दुसऱ्याची नक्कल नाही.

डांबरट
बरवे म्हणता तर मग चित्रकार गायतोंडेही घ्या. वर्षाकाठी मोजकी चित्रं करायचे. मधल्या काळात त्यांना कोणी "ब्लॉक आलाय का, छोटी वही घ्या" म्हणालं नाही. न काढणं हाही कामाचा भाग असतो. तुम्हा लोकांना रोज काहीतरी उत्पादन हवं असतं.

उभाआडवा
@डांबरट, चांगला मुद्दा, पण उदाहरण तुमच्यावरच उलटतं. १९८४मध्ये गायतोंड्यांना मोठा अपघात झाला, त्यानंतर मोठे कॅनव्हास झेपेनात. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची लहान कामं केली. पुढे ते कॅनव्हासकडे परतले.

डांबरट
तो शरीराचा अडथळा होता, मनाचा नाही. आणि ती कागदावरची कामं "उपाय" नव्हती, ती स्वतंत्र चित्रं आहेत. आज ती कोणी गायतोंड्यांचा सराव म्हणून बघत नाही.

उभाआडवा
हे मात्र मान्य. आणि मग ताईंच्या प्रश्नाचं एक उत्तर त्यातच आहे, वहीतली पानं हीच चित्रं का नकोत?

सुगरणीचाखोपा
डांबरटांना कोणीतरी पटलं! तारीख लिहून ठेवा.

परदेशी_पाहुणा
लंडनला राहतो, म्हणून एक जवळचं उदाहरण. कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकारानं १८२१-२२मध्ये हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे ढीगभर अभ्यास केले. कागदावर तैलरंग, लहान आकार, मागे तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय ते. हात मोकळा ठेवण्यासाठी याहून चांगलं काय असणार, असं आपण म्हणतो.

पण याच माणसाची प्रसिद्ध चित्रं सहा फुटी आहेत. तिथे तो छोट्या अभ्यासावरून थेट पक्क्या चित्रावर गेला नाही. मध्ये एक पायरी होती, पक्क्या चित्राच्या मापाचाच एक कच्चा खर्डा. सहा फुटांचा खर्डा! 'द हे वेन'चा तसा खर्डा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि पक्कं चित्र नॅशनल गॅलरीत. एकाच दिवशी दोन्ही बघता येतात, मी पाहुण्यांना तेच करायला लावतो. खर्डा जास्त रांगडा आहे आणि अनेकांना तोच जास्त आवडतो.

ताई, तुमच्या बाबतीत ही मधली पायरी गायब आहे असं मला वाटतं. हाफ शीटवर एक असं चित्र करा जे प्रदर्शनाला जाणारच नाही. जुन्या फसलेल्या हाफ शीटच्या पाठीवर करा.

ओलाकागद
@परदेशी_पाहुणा, फसलेल्यांच्या पाठी भरपूर आहेत. हे खरंच सुचलं नव्हतं.

टर्नरभक्त
लंडन निघालंच आहे तर टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या सुमारे ३०० चित्रवह्या तिथल्या टेट संग्रहालयाकडे आहेत. त्यातली बरीचशी पानं म्हणजे नुसती पेन्सिल. प्रवासात भराभर रेघा आणि रंग बहुतेक वेळा नंतर मुक्कामी. त्यामुळे ज्यांना रस्त्यावर लोक बघतात म्हणून रंग काढायला लाज वाटते त्यांनी खुशाल घरी जाऊन रंगवावं. @लाजाळू

लाजाळू
टर्नरची परवानगी मिळाली. 🙏

घडीदार
मी गेली काही वर्षं जे करतोय ते सांगतो, धागाकर्तीला बहुधा उपयोग होईल.

काटकसरी यांचाच हिशेब घ्या. फुल शीट २२ × ३०. त्याच्या साडेपाच इंची लांब पट्ट्या कापा, ३० इंच लांब, चार पट्ट्या निघतात. एका पट्टीला दर साडेसात इंचांवर घडी घाला, एक आत, एक बाहेर. ३०० जीएसएमच्या कागदाला घडी घालण्याआधी बोथट सुरीनं किंवा हाडाच्या फोल्डरनं रेघ दाबून घ्या, नाहीतर कागद घडीवर फुटतो.

मिटलेली असली की ही वहीच आहे, मांडीवर मावते. पहिल्या घडीत घाटाचं देऊळ काढलं. दुसऱ्या दिवशी घडी उघडली तर नदीचा रंग आधीच आत आलेला असतो, कारण काल तो घडीच्या कडेवर थांबवता आला नाही. मग तिथून पुढे. शेवटी पट्टी उलगडली की ३० इंचांचं चित्र असतं आणि कोऱ्या ३० इंचांसमोर तुम्ही एकदाही उभे राहिलेला नसता.

तोटे: घडीच्या खळग्यात रंग साचतो, तिथे गडद रेघ येते. ती मला आवडते, माझ्या बायकोला आवडत नाही. आणि काचेत लावायला फार कटकट होते.

पेंटरचापोर
@घडीदार, हा माझ्या वडिलांचा ग्राफच झाला की!

ओलाकागद
@घडीदार, हे उद्याच करते. मेणवली नाही, दुसरं काहीतरी.

मास्तर_निवृत्त
मी निवृत्तीनंतर पोस्टकार्डं रंगवतो. १४ × ९ सेमी, ५० पैसे. कागद पाणी झेलत नाही म्हणून पोस्टर कलर घट्टसर वापरतो. जुन्या विद्यार्थ्यांना पाठवतो. टपालपेटीत टाकलं की ते आपलं राहत नाही, त्यामुळे न्याहाळत बसण्याची सोयच नाही. एकानं कळवलं की सर, शिक्का नेमका सूर्यावर बसला. मी म्हटलं, रचनेत तिथे काहीतरी हवंच होतं.

चहाबाज
मास्तर, पत्ता खासगी निरोपात पाठवतो.

गणिती_गोंधळ
एक राहिलं. वही मांडीवर घेऊन काढताना हात मनगटातून फिरतो. हाफ शीटवर तोच हात खांद्यातून फिरवावा लागतो. टेबलावर बसून खांदा फिरत नाही. उभं राहा, बोर्ड तिरका करा, रंग आधी दुप्पट कालवून ठेवा. वहीत अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएनाचा करडा चिमूटभर लागतो, इथे वाटीभर लागेल. अर्ध्यात संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही आणि माणूस मग थांबतो. बऱ्याच वेळा "ब्लॉक" म्हणजे वाटी लहान असते.

निळीशाई
गणिती, हे शेवटचं वाक्य मी चोरतेय.

ओलाकागद
आढावा. (मध्ये आठवडा-दोन आठवडे गायब होते, क्षमस्व, वर्षअखेरचं काम.)

घडीदारांची पट्टी केली. विषय मंडईच्या मागची गल्ली, रिकाम्या टोपल्या आणि हातगाड्या. पहिल्या दोन घड्या बऱ्या झाल्या, तिसरीत मी करडा तीनदा फिरवला आणि चिखल झाला, चौथी त्या चिखलामुळे एकदम फिकी ठेवली आणि तीच सगळ्यात चांगली निघाली. मग परदेशी_पाहुणांचं ऐकून फसलेल्या घाटाच्या पाठीवर याच गल्लीचा हाफ शीटचा खर्डा केला. उभं राहून, दोन इंची फ्लॅटनं. टोपल्या वेगवेगळ्या काढल्या नाहीत. एक गडद ढीग आणि त्यात दोन-तीन पांढऱ्या कडा.

पण बोर्डावरच्या चांगल्या शीटला अजून हात लावलेला नाही. खर्डाच प्रदर्शनाला द्यावा असं वाटायला लागलंय. मागच्या बाजूला फसलेला घाट आहे, तो फ्रेममध्ये दिसणार नाही.

उभाआडवा, तुमच्या म्हणण्यावरून वहीची पानंही दाखवली गटात. त्यांना नऊ पानं एका माउंटमध्ये हवी आहेत. म्हणजे वही फाडावी लागेल. ते माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही, काटकसरी म्हणतात तसे सुटे तुकडे केले असते तर प्रश्नच नव्हता.

परदेशी_पाहुणा
खर्डा द्या. डोळे मिटून द्या.

डांबरट
खर्डा द्या, आणि चांगल्या शीटला हात लावा. ही दोन वेगळी कामं आहेत. (आणि हो, वही फाडू नका.)

मास्तर_निवृत्त
तिसऱ्या घडीतला चिखल तसाच ठेवा, मात्र वाळल्यावर ओल्या फ्लॅटनं एकाच जागी थोडा उचलून पाहा. मंडईत उजेड वरून पडतो, तिथे एक टोपली निघेल.

रानवारा
फोटो डकवा ना!

ओलाकागद
केव्हापासून प्रयत्न करतेय. "चित्राचा आकार मर्यादेपेक्षा मोठा आहे" असं येतंय.

चहाबाज
बघा, साइटलाही छोटीच हवीत.

गणिती_गोंधळ
मोबाईलवर फोटो उघडून एडिटमध्ये रिसाइझ करा, रुंदी ८०० पिक्सेल ठेवा. पट्टीचा फोटो चार भागांत टाका, एका फोटोत काही दिसणार नाही.